आजोळाची ओळ

जळोचीच्या रस्त्याला चाँदभाईचं बांगड्यांचं दुकान आहे. खाली बांगड्या, आणि वर जिना चढून गेलं की माळ्यासारखी एक खोली. त्या खोलीत त्याची थोरली लेक मेहजबीन कॉम्प्युटर घेऊन बसते. कॉलेज झालं, वेबसाइटी बनवायचं शिकून झालं, बरोबरच्या पोरी पुण्याला गेल्या आणि ही जिना चढून वर गेली. "पोरगी काय करती आता?" असं कुणी विचारलं की चाँदभाई नुसतं वर बोट दाखवायचा. विचारणाऱ्याला क्षणभर धस्स व्हायचं. मग तो सावकाश म्हणायचा, "वरच्या खोलीत हाय. लोकांची दुकानं फोनवर मांडती."

तिला गिऱ्हाइकं मिळवून द्यायची ती तिची आई, बेगम. बेगम गावोगाव लग्नघरी चुडा भरायला जाते. बांगडी हाताच्या गाठीवर अडकली की बाईला उठून जाता येत नाही. तेवढ्या वेळात बेगम हळूच सांगून टाकायची की माझी मेहजबीन असं असं काम करती. कऱ्हाटीच्या रोपवाटिकेचं पान असंच मिळालं आणि पिंपळीच्या हिंदुरावांच्या लेकीची लग्नपत्रिकाही अशीच मिळाली.

हिंदुरावांनी ठरवलं होतं की कागदाच्या पत्रिका फक्त देवापुढं ठेवायला. बाकी सगळ्या जगाला फोनवर. एक पान बनवायचं आणि त्याची लिंक पाठवायची. वर गणपती, खाली मुहूर्त, आणि मधोमध नवरा-नवरीचा मोठा फोटो. नवरा मुलगा इंद्रजित हा हौशी गडी. त्यानं उजनीच्या पाण्यात होडीवर बसून फोटो काढून घेतला होता. डोळ्यांवर गॉगल, पाय पुढं सोडलेला, पायात चकचकीत बूट. शेजारी संस्कृती नेसून-सवरून बसलेली, आणि तोंडावर भाव असा की होडी कधी काठाला लागते. फोटो मोठाच दिसला पाहिजे, असा इंद्रजितचा रोज निरोप यायचा.

पान होत आलं आणि एका दुपारी साखरबाई जिना चढून वर आल्या. हिंदुरावांची ही दुसरी बायको. पहिली प्रयागबाई, संस्कृती रांगत होती तेव्हाच गेली. पुढं तिला न्हाऊमाखू घालून, शाळेत धाडून, आजारपणात उशाशी बसून वाढवली ती साखरबाईंनी. खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत. उंबऱ्याशी टेकल्या.

"पोरी, एक ओळ घालायची राहिली हाय."

"सांगा काकू."

"आजोळाची ओळ. प्रयागबाईचं नाव वर पायजे. तिच्या आशीर्वादानं, असं काहीतरी चांगलं लिव्ह. आणि त्याखाली मामा, सावळाराम, आणि समदी आजोळची माणसं."

"हिंदुराव आबांनी दिलेल्या मजकुरात ते न्हवतं."

"न्हवतंच. पुरुषांना लग्नात मांडव आणि जेवाण एवढंच सुचतं." साखरबाईंनी पदर सारखा केला. "आणि मी घालाय सांगितली म्हणून बोलू नगंस कुणापाशी. मालकांनीच घातली असं वाटू दे. मामाला बरं वाटंल."

मेहजबीननं फोटोच्या उजव्या अंगाला सुरेख अक्षरात ती ओळ बसवली आणि वाचून दाखवली. साखरबाईंनी जवळ येऊन पडद्यावर बोट ठेवलं, अक्षर हाताला लागतंय का बघितल्यासारखं, आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी सोसायटीच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर पान बघितलं. आजोळाची ओळ बघून त्यांना आपल्यालाच ती सुचली होती असं वाटलं, आणि त्यांनी पान पास केलं.

आता घोळ कुठं झाला, ते ऐका. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ऐसपैस ओटा. तिथं शेजारी शेजारी चार माणसं बसतात. तेच पान फोनवर उघडलं की ओटा जातो आणि पाट उरतो. शेजारी बसलेली माणसं एकमेकांच्या मांडीवर चढतात. मेहजबीननं पान अरुंद करून बघितलं तेव्हा फोटो सरकून आजोळाच्या ओळीवर आला होता. नेमका इंद्रजितचा बूट प्रयागबाईच्या नावावर.

तिला ते बघवलं नाही. गेलेल्या बाईचं नाव, त्यावर जावयाचा बूट. या विद्येत असा एक हुकूम लिहिता येतो की पडदा अमुक रुंदीपेक्षा लहान असला तर हा तुकडा दाखवायचा नाही. तुकडा पुसला जात नाही. असतो तिथंच, फक्त झाकलेला. मेहजबीननं तो हुकूम लिहिला. म्हटलं, आत्तापुरतं झाकू, मागनं नीट जागा करू. फोनवर पान कसं स्वच्छ दिसायला लागलं. त्याच वेळी खालून चाँदभाईनं हाक मारली, गिऱ्हाइकं फार झाली होती. ती उतरली, मग दुसऱ्या दिवशी दुसरं काम आलं, आणि मागनं करायचं ते मागंच राहिलं.

पत्रिका सगळीकडं गेली. आपल्या मुलखात कॉम्प्युटरवर पत्रिका कोण बघतो. सगळ्यांनी फोनवरच बघितली.

चुडा भरायच्या दिवशी बेगमबरोबर मेहजबीनही पिंपळीला गेली. बांगड्यांची पेटी जड असते, आणि आपल्या पानाचं कौतुक लग्नघरी ऐकायला कुणाला आवडत नाही? पण ओसरीवर पाय ठेवताच तिच्या लक्षात आलं की इथं काहीतरी बिनसलंय. बायका जमल्या होत्या, हिरव्या बांगड्या उलगडल्या होत्या, पण बोलणं नव्हतं. संस्कृतीनं बेगमच्या हातात हात दिला होता आणि डोळे सुजलेले होते. साखरबाई आतून चहा घेऊन आल्या. संस्कृतीनं त्यांच्या हातचा कप घेतला नाही. शेजारी ठेवा, असं नुसतं डोळ्यांनी दाखवलं.

साखरबाई आत गेल्या तशी धाकटी जाऊ बानूबाई बोलली. बानूबाईचा आवाज असा की हळू बोलली तरी परड्यातल्या म्हशीनं मान वळवावी.

"बघा भाभी, शाळेचं तोंड बघितलं न्हाय म्हणं, पण नावं काढाय बराबर येतंय."

"कुणाचं नाव?" बेगमनं बांगडी दाबत विचारलं.

"आमच्या थोरल्या जावंचं. प्रयागबाईंचं. आणि मामाचं. पत्रिकंत आजोळच न्हाय. आजोळाशिवाय उगवली का आमची संस्कृती? अजून नारळ-अक्षदा घेऊन कोण इंदापूरला गेलं न्हवतं, तवर कुणीतरी मामाला फोनवर पत्रिका दावली. मामा बोटानं वर-खाली वर-खाली करून बघतोय, त्याचं नाव कुठंच न्हाय. आता तो म्हणतोय मी येत न्हाय. मामा न्हाय तर नवरीला बोहल्यावर कुणी आणायचं?"

"आबांनी बघितली न्हवती का?"

"भाऊजी म्हणत्यात, ओळ हाय, मी सोसायटीत डोळ्यांनी बघितली. मामा म्हणतोय, मला आंधळा समजता का. दोघांची फोनवर अशी जुंपली की इचारू नका. मग संस्कृतीनं स्वतः बघितलं. न्हायच. मग काय, शेंबड्या पोराला बी कळंल, भाऊजींनी बघितल्यावर मागनं कुणी काढली ते. मामानं बी पोरीला तेच सांगितलं." बानूबाईनं पदराचा शेव तोंडाला लावला. "म्हणून पोरीनंच सांगितलंय, कन्यादानाला आई बसणार न्हाय. चुलता-चुलती बसतील. आता मला काय हौस हाय का. पण पोरीचं मन मोडवत न्हाय."

दाराआडून साखरबाई दिसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकदाच मेहजबीनकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, विचारणं होतं. मी घालायला सांगितली होती ना गं? की मलाच भास झाला?

मेहजबीननं फोन काढला, पान उघडलं. गणपती, मुहूर्त, होडी, बूट. ओळ नाही. आपणच लिहिलेला हुकूम तिला आठवला. तोंड उघडायची वेळ तीच होती. पण समोर एवढ्या बायका, मधे बानूबाई, आणि आपल्या आईच्या हातात नवरीचा हात. मेल्या आईचं नाव आपण झाकलं, हे या ओसरीवर कसं सांगायचं? सांगितलं तर उद्या आईला दारात कोण घेणार? ती बांगड्यांची पेटी आवरत खाली मान घालून बसली.

घरी आल्या आल्या तिनं हुकूम खोडला. फोटो जरा बारका केला आणि आजोळाची ओळ त्याच्या शेजारून काढून खाली घेतली. एकाखाली एक. फोनवर सुद्धा सगळं नीट बसलं. एवढंच तर करायचं होतं. तिला वाटलं, चला, सुटले. नाव आलं, आता लोक परत बघतील, गैरसमज जाईल, आणि कुणाला काही सांगायला नको.

संध्याकाळी संस्कृतीचा फोन आला.

"ताई, ओळ आली."

"आली ना. बघितलीस?"

"बघितली." संस्कृतीचा आवाज कोरडा होता. "आईनं सांगितलं ना तुला, परत घाल म्हणून? कन्यादानाचं कानावर गेल्यावर?"

"न्हाय गं, तसं..."

"तू नको सांभाळून घेऊ तिला. एवढी वर्षं मी आई म्हणते. वाटायचं, लोकं उगं सावत्र सावत्र करतात." आणि फोन ठेवला.

म्हणजे गुपचूप केलेल्या दुरुस्तीनं आगीत तेलच पडलं. आधी ओळ नव्हती तेव्हा निदान शंका होती. आता ओळ आली तर पुरावाच झाला की कुणीतरी काढली होती आणि भिऊन परत घातली.

मेहजबीन खाली आईपाशी जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. बेगम बांगड्यांचे जुडगे दोऱ्यात ओवत होती. ओवता ओवता थांबली.

"हे तू केलंस?"

"मी चांगल्यासाठी केलं अम्मी. नावावर बूट येत होता."

"कुणाला सांगू नकोस." बेगमनं दारातून बाहेर बघितलं. "लग्न होऊन जाईल. लोकं विसरतात. आपण घराघरात जाऊन लोकांचा हात हातात धरतो, बेटा. विश्वासावर पोट आहे. उद्या कुणी म्हटलं, बांगडीवालीच्या पोरीनं आमच्या मेलेल्या माणसाचं नाव काढलं, तर बोलणारे थांबतात का? काय काय बोलतील."

"साखरबाई काकू विसरतील का?"

बेगमनं जुडगे भराभर पेटीत टाकले आणि स्वयंपाकाला लागली. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. चाँदभाईला वाटलं भाजीत मीठ जास्त आहे, आणि तसं तो बोलून बसला.

सकाळी मेहजबीन उठली तर बेगम तयार होऊन बसलेली. "चल. कॉम्प्युटर घे बरोबर. एसटी चुकंल."

आधी त्या पिंपळीला गेल्या. साखरबाई परड्यात भांडी घासत होत्या. लग्नघरात भांडी घासायला दहा बायका असतात, पण त्या दिवशी त्या एकट्याच तिकडं बसल्या होत्या. मेहजबीननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साखरबाईंच्या हातातली राख तशीच वाळत गेली.

"म्हंजे ओळ होती," त्या म्हणाल्या.

"होती काकू. मोठ्या पडद्यावर सारखी होती. फोनवर मी झाकली."

"मला वाटाय लागलं होतं, माझंच डोस्कं फिरलं." मग हात धुऊन त्या उठल्या. "चल मालकांकडं, न्हायतर संस्कृतीकडं, असं म्हणशील तर नगं. आधी इंदापूरला जा. मामा आला न्हाय तर पोरगी बोहल्यावर जाईल कशी. माझं मागनं बघू."

सावळारामचं घर इंदापूरच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या कडेला. साठीचा माणूस, अंगानं बारीक, आवाजाला जड. बांगडीवाल्या भाभी दारात बघून त्याला वाटलं आपल्याच घरात कुणाचा चुडा भरायचा निघाला. पाणी दिलं, बसवलं. मेहजबीननं दुरुस्तीआधीचं पान जपून ठेवलं होतं, ते कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं, मग तेच त्याच्या फोनवर उघडून दाखवलं. सावळारामनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"तुझ्या मशिनीत माझं नाव हाय, आणि माझ्या फोनात न्हाय."

"व्हय मामा. नाव काढलं न्हवतं. होतं तितंच होतं. फक्त दिसत न्हवतं."

सावळाराम हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. दारातून दिसणाऱ्या पाण्याकडं त्यानं हात केला. "आमचं जुनं गाव बी हाय तितंच हाय, पोरी. मी पोरगा होतो तवा धरणाचं पाणी चढलं. गाव कुठं गेलंय? तितंच हाय. फक्त दिसत न्हाय."

बेगमनं मेहजबीनच्या पाठीवर हात ठेवला.

"जागा कमी पडली, म्हणून झाकलंस म्हणतीस," सावळाराम म्हणाला. "मग गॉगलवाला ठिवलास आणि माझी बहीण झाकलीस?"

"त्यांच्या नावावर बूट येत होता मामा. मला ते बघवंना."

"मग बूट झाकायचा."

शेळीनं मधेच तोंड घालून बेगमची पिशवी हुंगली, तिला हाकलण्यात जरा वेळ गेला. मग सावळारामनं विचारलं, "पण ही ओळ घालाय सांगितली कुणी? हिंदुरावाला हे सुचणारं न्हवं. एवढा मी त्याला वळखतो."

मेहजबीननं शब्द दिला होता. पण दिलेला शब्द पाळून आणखी किती झाकायचं? ती म्हणाली, "साखरबाई काकूंनी. स्वतः येऊन. प्रयागबाईंचं नाव सगळ्यात वर पायजे म्हणाल्या. मी सांगितलं म्हणून बोलू नकोस म्हणाल्या, तुमाला बरं वाटावं म्हणून."

सावळारामनं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. "मीच पोरीच्या कानात भरवलं," तो शेवटी म्हणाला. "सावत्र ती सावत्रच, असं म्हणालो. लेकराला फोनवर." मग त्यानं तिथंच संस्कृतीला फोन लावला. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. हा फक्त म्हणत होता, "न्हाय गं. न्हाय. आईनंच घातली होती. व्हय, साखरबाईनंच. माझं चुकलं. येतो मी. येतो म्हटलं ना." फोन ठेवून तो परसात गेला आणि त्या दोघी एसटीला निघेपर्यंत पुढं आला नाही.

मेहजबीनच्या कामाचं काय झालं, तर फार वाईट झालं नाही. हिंदुराव तिच्यावर चिडले, मग पान सगळ्यांनी वाखाणलं तसे निवळले. बानूबाईनं गावभर सांगितलं, त्यानं एकदोन कामं गेली. चाँदभाई नुसता म्हणाला, "वरनं खाली येत जा मधी मधी, माणसांत." तिला अजूनही तो हुकूम लिहावा लागतो. लहान पडद्याला त्याच्यावाचून चालत नाही. पण आता ती आधी गिऱ्हाइकाला फोन करून विचारते, लहान फोनवर जागा पुरली नाही तर यातलं काय झाकू? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. काही जण कळ काढल्यासारखे रागावतात.

लग्नाला मामा आला. नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर त्यानंच आणली. कन्यादानाला साखरबाईच बसल्या हिंदुरावांशेजारी. बानूबाई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वाढप्यांवर ओरडत होती, आणि त्या दिवशी वाढप चांगलं झालं ते त्यामुळंच.

पंगती उठल्यावर मेहजबीन साखरबाईंना शोधत कोठीच्या खोलीत गेली. त्या बुंदीच्या टोपलीपाशी बसून पुडे बांधत होत्या. अंगावर नवं लुगडं, हातात बेगमनंच भरलेला चुडा.

"काकू, संस्कृती बोलली का तुमच्याशी?"

"बोलली की. रडली. पाया पडली. आई, तूच बस म्हणाली, चार माणसांत."

"मग बरं झालं."

"झालं." साखरबाईंनी पुड्याला दोरा गुंडाळला, गाठ मारली. "पण तिनं विचारलं म्हणून बसले गं मी. एवढी वर्षं ह्या घरात मी काय विचारून बसत हुते?"

मेहजबीन तशीच उभी राहिली. माफी तिची आधीच मागून झाली होती. परत मागून काय होणार होतं.

"तू जेवलीस का?" साखरबाई म्हणाल्या.

"न्हाय अजून."

"मग उभी काय. आईला घे आणि बस शेवटच्या पंगतीला. आणि हा पुडा अब्बांना ने."

बाहेर गाडी लागली होती. संस्कृतीला निरोप द्यायला बायका बोलवत होत्या, आई कुठं हाय, आईला बोलवा म्हणून. साखरबाई हात पुसत उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथं थांबून पदर सारखा करत राहिल्या.